सार्डिनियाच्या डोंगरात मुक्काम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भूमध्य समुद्रातील बेटांविषयी येणाऱ्या पत्रांचा रोख बहुधा समुद्रकिनाऱ्यांकडे असतो. या वेळी मात्र काही वाचकांनी बेटाच्या अंतर्भागातील डोंगरांविषयी विचारले आहे. त्यांतील बहुतेक प्रश्न सार्डिनियाशी संबंधित असल्यामुळे ते येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. मुलगी नोकरीनिमित्त मिलानला असते आणि पुढील वर्षी तिच्याकडे जाण्याचा विचार आहे. रोम, व्हेनिस पूर्वी पाहून झाले. आता एखाद्या बेटावरील, गर्दीपासून दूर असलेले आणि अजूनही आपल्या रीतीने जगणारे डोंगरातले गाव पाहावे, तेथे चार-पाच दिवस राहावे असे वाटते. असे गाव सुचवाल का? तेथे दिवस कसे घालवावेत?
— एक दांपत्य, पुणे

उत्तर : सार्डिनियातील ओर्गोसोलो हे गाव आम्ही सुचवू, पण एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. नीटनेटकी दगडी घरे आणि खिडक्यांत फुलांच्या कुंड्या असे चित्र आपल्या मनात असेल, तर ओर्गोसोलो पाहून आपला पहिल्या तासातच हिरमोड होईल. तशा गावासाठी स्पेनच्या मायोर्का बेटावरील फोर्नालुच अधिक योग्य आहे. ओर्गोसोलोत गिलावा न केलेल्या भिंती आहेत, वरच्या मजल्याचे काम अर्धवट राहिलेली घरे आहेत, आणि डोंगराच्या उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली ही वस्ती पाहुण्यांना आवडावी म्हणून कोणी सजवलेली नाही. आपण ‘आपल्या रीतीने जगणारे गाव’ असे लिहिले आहे, म्हणूनच हे नाव मनात आले.

सार्डिनिया हे सिसिलीच्या खालोखाल भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर आहे. फिनिशियन, रोमन, पिसाचे व्यापारी, अरागोनचे राजे असे एकामागून एक सत्ताधीश त्याच्या किनाऱ्यावर उतरले, परंतु मधल्या डोंगराळ मुलखावर, म्हणजे बार्बाज्यावर, त्यांची हुकमत कधीच पुरती बसली नाही. तेथील मेंढपाळ आपले कळप, आपली बोली आणि आपले न्यायनिवाडे स्वतःच सांभाळत राहिले. ओर्गोसोलो याच मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या नुओरोपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. गावाच्या मागे सुप्रामोंते हे चुनखडीचे उजाड पठार पसरले आहे आणि दक्षिणेला जेन्नारजेंतूची डोंगररांग दिसते, जिचे सर्वोच्च शिखर १,८३४ मीटर उंच आहे.

गाव प्रसिद्ध आहे ते भिंतींवरील चित्रांसाठी. ही चित्रे कशी आली ते समजून घेतल्याखेरीज पाहण्यात अर्थ नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९६९ मध्ये इटलीच्या लष्कराने गावाजवळच्या प्रातोबेल्लो या सामाईक कुरणावर गोळीबाराच्या सरावाचे मैदान करण्याचे ठरवले, आणि मेंढपाळांनी आपली जनावरे तेथून हलवावीत अशी फर्माने गावात लागली. ज्या गावाचे बहुतेक उत्पन्न मेंढीच्या दुधावर आणि लोकरीवर अवलंबून होते, त्याच्यासाठी कुरण जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. जून महिन्यात बायकामुले आणि म्हातारी माणसे यांच्यासह हजारो लोक त्या कुरणावर जाऊन बसले. सैनिकांना सराव करणे अशक्य झाले, वाटाघाटी झाल्या आणि शेवटी लष्कराला माघार घ्यावी लागली. गावाने हे सारे शस्त्र न उचलता केले, आणि ज्या मुलखाचे नाव बंदुकीशी जोडलेले होते तेथे ही गोष्ट लहान नव्हती. ही आठवण अजून जुनी झालेली नाही. सार्डिनियात मोठमोठ्या पवनचक्क्या उभारण्याच्या योजनांविरुद्ध २०२४ मध्ये जो लोकप्रस्ताव तयार झाला, त्याला प्रातोबेल्लोचेच नाव दिले गेले आणि त्यावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

पहिले भित्तिचित्र त्याच १९६९ साली मिलानहून आलेल्या ‘दियोनिसो’ नावाच्या अराज्यवादी नाट्यगटाने काढले. पुढे १९७५ मध्ये, फॅसिझमविरोधी लढ्याला आणि मुक्तीला तीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, गावातील शाळेत चित्रकला शिकवणारे सिएनाचे फ्रांचेस्को देल कासिनो यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून भिंती रंगवायला घेतल्या, आणि मग ती प्रथाच पडली. आज गावात सुमारे दीडशे चित्रे आहेत. त्यांत पिकासोच्या वळणाचे कोनाकोनांचे चेहरे आहेत, प्रातोबेल्लोचे कुरण आहे, याच बेटावर १८९१ मध्ये जन्मलेले विचारवंत अंतोनियो ग्राम्शी आहेत, परदेशांतली युद्धे आहेत, आणि दूध काढणारे मेंढपाळ व भाकऱ्या भाजणाऱ्या बायकाही आहेत. चित्रांवर इटालियन आणि सार्डिनियन भाषांत मजकूर लिहिलेला असतो, तो मुलीकडून वाचून घ्या. अलीकडची काही चित्रे, आमच्या मते, केवळ पर्यटकांना बरी वाटावीत म्हणून काढलेली आहेत. जुन्या चित्रांतला राग त्यांत नाही. बहुतेक चित्रे कोर्सो रेपुब्लिका या मुख्य रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांत आहेत.

सहलीच्या बसगाड्या दिवसा येतात, दोन-तीन तास थांबतात आणि निघून जातात, म्हणून चित्रे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाहावीत. गावात मुक्काम करण्याचा खरा लाभ हाच. बाकीच्या दिवसांपैकी एक दिवस स्थानिक वाटाड्या घेऊन मोंतेसच्या जंगलात काढावा. तेथे सदाहरित ओकची फार जुनी झाडे आहेत आणि मोंते नोव्हो सान जोव्हान्नी हा १,३१६ मीटर उंचीचा एकाकी सुळका दुरूनही ओळखू येतो. एक दिवस नुओरोसाठी ठेवावा. १९२६ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या ग्राझिया देलेद्दा १८७१ मध्ये तेथे जन्मल्या; त्यांचे घर आता संग्रहालय आहे, आणि त्यांची समाधी ओर्तोबेने डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा चर्चमध्ये आहे. एक दिवस मामोयादासाठी, ज्याविषयी पुढे लिहिले आहेच. उरलेल्या दिवसाचे नियोजन करू नये.

प्रश्न : ओर्गोसोलो हे दरोडेखोरांचे आणि अपहरणकर्त्यांचे गाव म्हणून वाचल्याचे आठवते. कुटुंबासह जाणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचलेले खोटे नाही, पण ते आता जुने झाले आहे. १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत सार्डिनियात खंडणीसाठी अपहरणे होत असत. लक्ष्य प्रायः धनिक कुटुंबे असत आणि ओलिसांना सुप्रामोंतेच्या गुहांत व मेंढवाड्यांत महिनोन्‌महिने दडवून ठेवले जाई. १९९१ मध्ये इटलीने अपहृतांच्या कुटुंबीयांची मालमत्ता गोठवण्याचा कायदा केला, जेणेकरून खंडणी देताच येऊ नये. हा कायदा क्रूर वाटला तरी पुढील काळात हा धंदा मोडला. याहून जुनी आहे ती सूडाची रीत. तिचे अलिखित नियम नुओरोजवळच्या ओरुने गावचे कायदेपंडित अंतोनियो पिल्यारू यांनी १९५९ मध्ये अभ्यासून मांडले आणि दाखवून दिले की, बाहेरच्यांना जे निव्वळ रानटीपण वाटते त्याला त्या समाजात कायद्याचे स्थान होते. पाहुणा या हिशेबात कधीच नव्हता. उलट त्याला राखणे हाही त्याच रिवाजाचा भाग होता.

रस्त्यावरील काही फलकांवर आपल्याला बंदुकीच्या गोळ्यांची भोके दिसतील. ती पाहून गाडी वळवू नये. नेमबाजीची ही हौस कोणावर रोखलेली नसते. मात्र दरोडेखोरांविषयी गमतीने प्रश्न विचारू नयेत, कारण ज्या घरात आपण कॉफी पीत आहात त्याच घरातला कोणी तुरुंगात किंवा थडग्यात गेलेला असू शकतो.

खरा धोका आहे तो वाट चुकण्याचा. सुप्रामोंतेवर पावसाचे पाणी चुनखडीतून खाली झिरपून जाते, म्हणून पृष्ठभागावर पाणी जवळजवळ सापडत नाही. मोबाइलला अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही आणि पायवाटा मेंढ्यांच्या वाटांत मिसळून जातात. वाटाड्याशिवाय पठारावर जाऊ नये. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक ११२ आहे, पण तो लावण्यासाठी आधी संपर्क हवा.

प्रश्न : आमच्या कुटुंबात सर्व जण शाकाहारी आहेत आणि सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. अशा डोंगराळ भागात आमचे जेवणाचे हाल होतील का? इटलीत चीज तर सगळीकडे मिळते, त्यावर भागेल असे वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : चीजवर भागेल असे आपण म्हणता, नेमकी तेथेच अडचण आहे. बार्बाज्यातील चीज मेंढीच्या दुधाचे असते आणि त्याचे विरजण प्राण्याच्या जठरातून मिळवलेले असते. या भागातले फियोरे सार्दो हे कच्च्या दुधाचे, धुरावर धरलेले प्रसिद्ध चीज कोकराच्या किंवा करडाच्या जठररसाने विरजतात. इटलीभर खपणाऱ्या पेकोरिनो रोमानोचे मुख्य उत्पादन सार्डिनियातच होते आणि त्यालाही कोकराचेच विरजण लागते. रिकोत्ता हे या चीजच्या निवळीपासून करतात, त्यामुळे तेही त्यातून सुटत नाही. तेथील माणसांच्या दृष्टीने चीज हा शाकाहारी पदार्थच आहे. आपण ‘मांस नको’ म्हणालात की ते प्रेमाने चीजचा तुकडा पुढे करतील, आणि त्यात फसवणूक नसेल. कितपत कडक राहायचे हे कुटुंबाने निघण्यापूर्वी ठरवावे, ताटावर बसल्यावर नव्हे.

दुसरी अडचण डुकराच्या चरबीची. सेआदास नावाची मोठी पुरी, जिच्यात ताजे चीज आणि लिंबाची साल भरून तळतात व वरून मध ओततात, ती गोड असूनही तिच्या पिठात परंपरेने चरबीचे मोहन असते. मनुका आणि सुकामेवा घातलेल्या पापासिनी या वड्यांचेही तेच. बटाटा, चीज आणि पुदिना भरलेल्या कुलुर्जोनेस या करंज्यांना गव्हाच्या कणसासारखी मुरड घातलेली असते आणि त्या दिसायला इतक्या सुंदर असतात की विचारायचे राहून जाते. पण विचारावे, कारण काही घरांत पिठात चरबी आणि सारणात लसूण असतो.

निर्धोक काय, तेही सांगतो. पाने काराझाऊ ही पापडासारखी पातळ, दोनदा भाजलेली कुरकुरीत भाकरी येथील रोजचे अन्न आहे. मेंढपाळ महिनोन्‌महिने कळपांबरोबर बाहेर असत, त्यांना टिकाऊ शिदोरी लागे, म्हणून ही भाकरी आली. तिच्यात रवा किंवा पीठ, खमीर, मीठ आणि पाणी यांखेरीज काही नसते. तिच्यावर ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून गरम केली की तिला पाने गुत्तियाऊ म्हणतात. कोणताही हॉटेलवाला ती दोन मिनिटांत करून देईल. मात्र तिच्यापासूनच केलेले पाने फ्रात्ताऊ मागवू नये. त्यात भाकरी रश्शात बुडवून तिच्यावर टोमॅटोची चटणी, चीज आणि अंडे घालतात, आणि तो रस्सा बहुधा मेंढीच्या मांसाचा असतो. टोमॅटो, वांगी, काटेरी आर्टिचोक, जंगली बडीशेप, सोललेल्या शेंगांचे दाणे हे ऋतूप्रमाणे मिळते. ताज्या वालांची उसळ दिसली तर हुरळून जाऊ नये, कारण तिच्यात डुकराचे मांस घालण्याचा प्रघात आहे. नुओरोची आरांझादा ही मिठाई संत्र्याच्या सालीच्या काड्या, मध आणि बदाम यांपासून करतात, तिच्यात चरबी नाही.

आमचा सल्ला असा की, स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, डाळ-तांदूळ आणि मसाल्याची पुडी बरोबर न्यावी, आणि दिवसातून एकदा बाहेर जेवावे. ओर्गोसोलोच्या रानात ‘मेंढपाळांबरोबर भोजन’ असा एक कार्यक्रम पर्यटकांसाठी असतो. त्यात निखाऱ्यावर भाजलेले डुकराचे पिल्लू आणि उकडलेले मेंढीचे मांस हेच मुख्य असते. सासूबाईंना तेथे नेऊ नये.

प्रश्न : मुंबईहून तेथे पोहोचण्याचा सोयीस्कर मार्ग कोणता? गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावे? व्हिसाचे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सार्डिनियाला भारतातून थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला विमान बदलून काल्यारी, ओल्बिया अथवा आल्गेरो या तीनपैकी एका विमानतळावर उतरावे लागते. ओर्गोसोलोसाठी ओल्बिया सर्वांत सोयीचे. तेथून नुओरो सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि रस्ता उत्तम आहे. जहाजानेही जाता येते : लिव्होर्नो आणि चिव्हितावेक्क्या येथून ओल्बियाला, तसेच जेनोवाहून पोर्तो तोर्रेसला रात्रीची मोठी जहाजे सुटतात, ज्यांत गाडीही चढवता येते. पुण्याच्या दांपत्याने मुलीच्या गाडीने यायचे ठरवले, तर हा मार्ग त्यांच्या उपयोगी पडेल.

नुओरोहून ओर्गोसोलोला बेटाच्या सार्वजनिक परिवहन सेवेच्या, म्हणजे ‘आर्स्त’च्या, बसगाड्या जातात, परंतु त्या शाळा आणि नोकरीच्या वेळांना धरून असतात, आणि रविवारी वा सणाच्या दिवशी त्यांच्यावर भिस्त ठेवून बाहेर पडणे शहाणपणाचे नाही. बसचे तिकीट गाडीत नव्हे, तर आधी बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात घ्यावे. दोन लहान मुले बरोबर असतील तर गाडी घ्यावी असे आम्ही म्हणू. त्यासाठी आपल्या आरटीओकडून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासह जवळ असणे कायद्याने आवश्यक आहे. काउंटरवर कोणी तो मागितला नाही म्हणून तो लागत नाही असे समजू नये, कारण पोलीस तो मागतात. भाड्याच्या गाड्यांसाठी बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. रस्त्याची उजवी बाजू, वळणावळणांचे घाट आणि अचानक समोर येणाऱ्या गाई, मेंढ्या व मोकाट डुकरे यांमुळे नकाशातल्या वेळेत चांगली भर धरावी. गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी वरच्या अंगाला लावून पायीच उतरावे. चढ तीव्र आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मुख्य रस्त्यालगतच खोली घ्यावी.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते उशिरात उशिरा १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. ही शेवटची मुदत केवळ कागदावरची आहे असे समजून दोन-तीन महिने आधीच अर्ज करावा.

प्रश्न : मी जर्मनीत शिकतो आणि छायाचित्रणाची आवड आहे. सार्डिनियातील काळ्या मुखवट्यांचा सोहळा आणि पारंपरिक वेशातील माणसे टिपायची आहेत. कधी जावे?
— एक विद्यार्थी, मूळ गाव नागपूर

उत्तर : आपण म्हणता तो सोहळा मामोयादाचा, हे गाव ओर्गोसोलोपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. तेथील मामुथोनेस अंगावर काळ्या मेंढीचे कातडे, तोंडावर लाकडी काळा मुखवटा आणि पाठीवर वीस-तीस किलो वजनाच्या घंटा घेऊन दोन रांगांत, मान खाली घालून, एकाच वेळी उडी मारत चालतात. त्यांच्याभोवती लाल अंगरख्यांतले इस्सोहादोरेस फिरतात आणि प्रेक्षकांवर दोरीचे फास टाकतात. त्या दोन रांगांतील बारा जण आणि भोवतालचे आठ असा गट असतो. वर्षातून प्रथम ते १७ जानेवारीला, संत अंतोनियोच्या दिवशी, गावभर पेटलेल्या होळ्यांभोवती दिसतात, आणि मग कार्निव्हालच्या रविवारी व मंगळवारी. कार्निव्हालला गर्दी असते. जानेवारीत थंडी असते, पाहुणे कमी असतात, होळीशेजारी कोणीतरी हातात पेला ठेवतो. आमची पसंती जानेवारीला आहे, जरी प्रकाश कमी असल्याने कॅमेऱ्याची परीक्षा होईल. या प्रथेचा उगम काय याविषयी तेथे आत्मविश्वासाने सांगितल्या जाणाऱ्या कथा परस्परांशी जुळत नाहीत, ऐकाव्यात सगळ्या. गावातील भूमध्य मुखवट्यांचे संग्रहालय वर्षभर पाहता येते.

पारंपरिक वेशासाठी ओर्गोसोलोची १५ ऑगस्टची मिरवणूक पाहावी. तेथील स्त्रिया डोक्याला केशराने पिवळा रंगवलेला रेशमी रुमाल बांधतात. या रुमालासाठी रेशमाचे किडे पूर्वी घराघरांत पाळले जात. २९ ऑगस्टच्या सुमारास नुओरोच्या रेदेन्तोरे उत्सवात तर बेटभरातील वेश एकाच वेळी दिसतात. ऊन मात्र कडक असते. सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवार-रविवारी बार्बाज्यातील एकेक गाव आपली जुनी अंगणे पाहुण्यांसाठी उघडते. ओलियेना गावात १९९६ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम आता मोठा झाला आहे, आणि त्या दोन दिवसांत भाकरी भाजणे, विणकाम, चीज करणे हे सारे एका जागी पाहता येते. पण ज्यांना शांतता हवी त्यांनी नेमके ते दोन दिवस टाळावेत आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचे मधले वार निवडावेत.

छायाचित्रांविषयी स्पष्टच लिहितो. उंबऱ्यावर बसलेल्या काळ्या वस्त्रांतील वृद्धा हे येथील सर्वांत जास्त चोरून टिपले गेलेले दृश्य आहे, आणि त्यांना त्याचा वीट आला आहे. आधी नमस्कार करावा, दोन वाक्ये बोलावे, मग विचारावे. नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा, दुरून झूम लावू नये. भिंतीवरचे चित्र सर्वांचे आहे, त्याच भिंतीतली खिडकी मात्र कोणाच्या तरी घराची आहे.

प्रश्न : सार्डिनियातील लोक शंभर वर्षे जगतात, त्याचे रहस्य काय? ते आपल्याला उचलता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सास्सारीचे डॉक्टर जान्नी पेस आणि बेल्जियमचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मिशेल पुलेन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओग्लियास्त्रा आणि बार्बाज्यातील (म्हणजे शेजारच्या पूर्वेकडील मुलखातील) काही गावे निळ्या शाईने नकाशावर दाखवली होती, आणि ‘ब्लू झोन’ हे नाव तेथूनच आले. त्यात विशेष हे होते की शतायुषी पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळपास भरत होती, जे अन्यत्र आढळत नाही. उभ्या चढांवर जन्मभर चालणारे मेंढपाळ, साधा आहार, म्हाताऱ्यांना घरातच मिळणारा मान आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच झालेली लग्ने अशी अनेक कारणे मांडली जातात. वयाच्या नोंदींबाबत अलीकडे काही संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत. एका आठवड्याच्या सहलीतून यातले काही उचलता येणार नाही, आणि त्या नावाने विकले जाणारे मध, मद्य वा औषधी चहा विकत घेण्याची मुळीच गरज नाही.

प्रश्न : आम्हांला इटालियन येत नाही. लोकांशी बोलायचे कसे? कोणी घरी वा बारमध्ये बोलावले तर काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तरुणांना थोडेफार इंग्रजी समजते, वयस्कांना बहुधा नाही. घरात आणि रस्त्यावर जी भाषा ऐकू येईल ती इटालियनची बोली नसून सार्डिनियन ही स्वतंत्र भाषा आहे, जिला १९९९ च्या कायद्याने इटलीत भाषिक अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता मिळाली. आपण ती शिकावी अशी अपेक्षा कोणी करत नाही. सकाळी ‘बुओन्जोर्नो’, संध्याकाळी ‘बुओनासेरा’ आणि दुकानातून काही न घेता निघतानाही ‘ग्रात्सिये’ एवढे पुरते. पण हे न म्हणता थेट वस्तूंना हात लावला तर ते उद्धटपणाचे दिसते. दुपारी एकच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि चार-पाचला उघडतात. त्या वेळात कोणाचे दार वाजवू नये, गल्लीत मोठ्याने बोलू नये आणि पाणी, औषधे, दूध यांची खरेदी आधीच उरकून घ्यावी. रात्रीचे जेवण आठच्या आधी मिळण्याची शक्यता कमी, म्हणून मुलांसाठी काही खाऊ जवळ असावा. हॉटेलच्या बिलात माणशी ठरावीक आकार ‘कोपेर्तो’ म्हणून लावतात. ती लूट नसून तेथील रीत आहे, त्यावरून वाद घालू नये.

संध्याकाळी बारमध्ये पुरुषांचे टोळके चार आवाजांत गाताना भेटले तर ते नशीब समजावे. एक जण ओळ म्हणतो आणि तिघे निरर्थक शब्दांनी त्याला साथ देतात; त्यांतील दोघांचा आवाज कंठातून निघणारा, जाड असतो. या गायनाला युनेस्कोने २००५ मध्ये गौरवले आहे, आणि ओर्गोसोलोचे गायक त्यासाठी नावाजलेले आहेत. मात्र ते आपल्यासाठी गात नसतात. मध्येच टाळ्या वाजवू नयेत आणि फर्माईश तर मुळीच करू नये.

बारमध्ये अनोळखी माणसाने पेला पुढे केला तर नाही म्हणणे हा अपमान मानला जातो, विशेषतः वयस्क माणसाकडून आलेला असेल तर. याचा अर्थ मद्य घेतलेच पाहिजे असा नाही. कॉफी, फळांचा रस किंवा नुसते पाणी मागितले तरी मान राखला जातो, फक्त काहीतरी घ्यावे आणि त्याच्याबरोबर उभे राहून प्यावे. लगेच पाकीट काढून परतफेड करू नये. दुसऱ्या दिवशी त्याच बारमध्ये, त्याच वेळी जावे आणि काउंटरवर त्याच्या पेल्याचे पैसे आधीच देऊन ठेवावेत.